प्रकाशाची वाट आणि विजेचे जकातनाके

अटलांटिकच्या तळाशी ‘टॅट-८’ ही पहिली प्रकाशतंतूंची केबल १९८८च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा काचेतून प्रकाश धावू लागला खरा. पण ठरावीक अंतरांवर त्याला थांबावे लागे. क्षीण झालेल्या स्पंदांचे तेथे विद्युत्-संकेतांत रूपांतर होई, ते स्वच्छ केले जात आणि त्यांतून नवे प्रकाशस्पंद घडवून पुढे पाठविले जात. जकातनाक्यावर मालमोटार पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी, तसाच हा प्रकार! त्यात नाक्यावरील यंत्राचा वेग ठरलेला. केबलची क्षमता वाढवायची तर समुद्रतळावरची यंत्रेच बदलावी लागणार.

ही अडचण दूर झाली ती एर्बियम या मूलद्रव्यामुळे. १९८७मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियममिश्रित तंतूत प्रकाशाचे थेट प्रवर्धन करून दाखविले. प्रत्येक संदेशासाठी वेगळे यंत्र नको. अनेक तरंगलांबींचे संदेश एकाच प्रवर्धकातून जाऊ लागले. संदेशवहनाचा खर्च कोसळला तो यामुळेही.

मग उरलेले नाकेही उठवावेत, स्विचही प्रकाशाचाच असावा आणि संदेशाची पुनर्घडणही प्रकाशातच व्हावी, ही आकांक्षा स्वाभाविक होती. प्रवर्धक संदेशाबरोबर गोंगाटही वाढवितो, विस्कटलेला आकार सावरीत नाही, हेही खरेच. परंतु आकांक्षेचा सट्टा व्हायला वेळ लागला नाही. सूक्ष्म आरशांचे स्विच बनविणारी ‘एक्सरॉस’ ही कंपनी सव्वातीन अब्ज डॉलरांचे शेअर देऊन घेण्याचे ‘नॉर्टेल’ने मार्च २०००मध्ये ठरविले. लवकरच दूरसंचारातील तेजी ओसरली.

भागभांडवलदारांच्या ध्यानात न आलेली गोष्ट साधी होती. आरसा संपूर्ण किरण वळवितो. त्यातील प्रत्येक माहिती-पाकिटाचा पत्ता तो वाचू शकत नाही. शिवाय विद्युत्-स्मृतीत पाकीट रांगेत थांबविता येते, तसा प्रकाश हवा तितका वेळ साठविता येत नाही. इकडे विद्युत्-चिप स्वस्त होत गेल्या आणि तंतूतील विकृती टोकाला बसून गणिताने दुरुस्त करू लागल्या. त्यामुळे प्रकाशीय पुनर्घडण बव्हंशी प्रयोगशाळेतच राहिली. प्रकाशाचे शुद्धत्व हे ग्राहकाने पैसे मोजावेत असे कारण नव्हे.

तरीही आरसे वाया गेले नाहीत. आपल्या माहिती-केंद्रांत असे स्विच वापरत असल्याचे तपशील ‘गूगल’ने २०२२मध्ये प्रसिद्ध केले. तेथे पाकिटापाकिटाची छाननी त्यांनी करायची नसते, दोन विभागांमधील मोठा, बराचसा स्थिर प्रवाह वळवायचा असतो. आणि संदेशाच्या वेगाशी आरशाला कर्तव्य नसल्याने टोकाची यंत्रे बदलली तरी मधला स्विच तोच चालतो.