राहुटीचा इसार आणि रद्द झालेला मुक्काम

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या लोकांस सुटीचे दोन दिवस मोकळ्या हवेंत काढण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. घाटकोपर-मुलुंडचे लोक मध्य रेल्वेनें कर्जत-कसाऱ्याच्या बाजूस जातात; अंधेरी-बोरिवलीचे पश्चिम रेल्वेनें पालघर-डहाणूकडे वळतात. त्या भागांतील कांहीं शेतकरी बंधूंनीं आपल्या रानांत राहुट्या ठोकून व चुलीवरची भाकरी देऊन या पाहुण्यांची सोय करण्यास आरंभ केला आहे. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण आखलें, तेव्हांपासून या जोडधंद्यास सरकारदरबारींही स्थान मिळालें आहे.

या धंद्यांत तंटा उत्पन्न होतो तो बहुधा एकाच ठिकाणीं. इसार घेऊन जागा राखून ठेवावी, आणि शनिवारीं सकाळीं निरोप यावा कीं, मुलास ताप आला आहे, येणें होत नाहीं, पैसे परत पाठवा. इकडे भाजी आणलेली असते, मटकी भिजत घातलेली असते, भाकऱ्या करणाऱ्या बायांस रोज कबूल केलेला असतो. शेतकरी म्हणतो, इसार बुडाला. पाहुणा म्हणतो, मी राहिलोंच नाहीं, मग पैसे कशाचे? दोघांचेंही म्हणणें निम्में खरें आहे. म्हणून या बाबतींत कायदा काय सांगतो तें प्रथम पाहूं.

१८७२ च्या भारतीय कराराच्या कायद्यांतील ७४ वें कलम असें आहे कीं, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें आधीं ठरलें असलें, तरी ती सगळी आपोआप मिळत नाहीं. ती कमाल मर्यादा समजून तिच्या आंत जी भरपाई वाजवी असेल, तेवढीच मिळते. सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फत्तेचंद यांच्या खटल्यांत आगाऊ भरलेल्या रकमेसही हाच नियम लावला. पुढें २०१५ सालीं दिल्लीच्या एका भूखंडाच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें इसार परत देवविला. त्याचें एक कारण हें कीं, तोच भूखंड नंतर अधिक किमतीस विकला गेला होता व विकणाऱ्याचें नुकसान झालेंच नव्हतें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तर बेसुमार दंडाची अट अन्यायी ठरविली आहे, आणि ग्राहकास आपल्या राहत्या ठिकाणीं तक्रार करण्याची मुभा दिली आहे. शेत शहापुरास असलें तरी मुलुंडचा पाहुणा मुंबईंतच दाद मागूं शकतो; शेतकऱ्यास मात्र पेरणी टाकून तेथें खेटे घालावे लागतील.

सारांश, कापावयाची रक्कम ही शिक्षा नव्हे. तें नुकसानीचें माप होय. हें माप कसें काढावें तें उदाहरणानें पाहूं. समजा, दहा पाहुण्यांचे १०,००० रुपये ठरले. त्यांत शिधा ३,०००, मजुरी १,५००, सरपण व साफसफाई ५०० आणि शेतकऱ्याची मिळकत ५,०००. पाहुण्यांनीं दहा दिवस आधीं कळविलें, तर कांहींच खरेदी झालेली नसते व जागा दुसऱ्यास देतां येते. अशा वेळीं ५०० रुपये कापणें पुष्कळ झालें. तीन दिवस आधीं कळविल्यास मजुरी कबूल झालेली असते व नवे पाहुणे मिळण्याची आशा निम्मीच उरते. तेव्हां १,५०० व २,५०० मिळून ४,००० हें वाजवी होय. आदल्या दिवशीं कळविल्यास नाशवंत माल २,०००, मजुरी १,५०० व मिळकत ५,०००, म्हणजे ८,५०० चें नुकसान होतें. परंतु तांदूळ, डाळ व सरपण शिल्लक राहतें, त्याचे पैसे मागूं नयेत. त्याच राहुट्यांत दुसरे पाहुणे उतरले, तर त्यांच्याकडून मिळालेली मिळकत या हिशेबांतून वजा करावी. एकच पेंढी दोनदां विकूं नये.

इसार एकंदर रकमेच्या निम्मा घ्यावा हें बरें. त्याहून कमी घेतल्यास ऐन वेळच्या नुकसानीस आधार राहत नाहीं; सगळी रक्कम आधींच घेतल्यास परत देण्याचा तंटा वाढतो.

अमेरिकेंतील सरकारी रानांत तंबूच्या जागांसाठीं असाच चढता क्रम आहे. आधीं कळविल्यास दहा डॉलर कापतात. आदल्या दिवशीं किंवा त्याच दिवशीं कळविल्यास त्याशिवाय पहिल्या रात्रीचें भाडेंही जातें. तेथें केवळ जागा मिळते, जेवण नाहीं. म्हणून तेथील आंकडे जसेच्या तसे उचलूं नयेत, तत्त्व मात्र घ्यावें.

पावसाचा प्रश्न वेगळा आहे. आषाढांतल्या सरी हें मुक्काम रद्द करण्याचें कारण नव्हे. पुष्कळ पाहुणे त्यांसाठींच येतात. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व आगगाड्या बंद पडल्या, तसा प्रसंग आल्यास दोष कोणाचाच नसतो. अशा वेळीं दुसरी तारीख द्यावी, आणि ती नको असल्यास नाशवंत मालापुरतें कापून बाकी परत करावें. सरकारी हुकुमानेंच मुक्काम अशक्य झाला, जसा मार्च २०२० च्या टाळेबंदींत झाला, तर ५६ व्या कलमान्वयें करारच निरर्थक होतो आणि ६५ व्या कलमान्वयें घेतलेले पैसे परत करावे लागतात. आणि राहुटी फाटली, विहीर आटली किंवा घरांत लग्न निघालें म्हणून शेतकऱ्यानेंच नकार दिला, तर सगळा इसार विनाविलंब परत करावा. जो नियम पाहुण्यास लावावयाचा, तो आपणांस लावून घेतल्यावांचून त्याची भीड राहत नाहीं.

हे सर्व नियम इसार घेण्यापूर्वींच मोबाइलवर लेखी पाठवावे व पाहुण्याचा होकार मागवावा. किती दिवस आधीं कळविल्यास किती कापलें जाईल, दुसरी तारीख केव्हां मिळेल, व बाकी किती दिवसांत परत होईल, एवढ्या तीन गोष्टी त्यांत असल्या म्हणजे पुरे. पैसे गेल्यानंतर सांगितलेला नियम पाहुण्यास फसवणुकीसारखा वाटतो. आधीं सांगितलेला तोच नियम तो बिनतक्रार पाळतो. शिवाय, परत गेलेल्या इसाराची हकीकत चाळींतून व सोसायट्यांतून चार घरीं सांगितली जाते, आणि पुढील सुटीस तींच माणसें शेताची वाट धरतात.