नक्कल आणि गट क्रमांक

सातबाऱ्याची नक्कल हाती पडली, की ती त्या दिवसापुरती खरी. उद्या वारसाचा फेरफार मंजूर झाला, तर तलाठ्याच्या दप्तरी नाव बदलते. आपल्या ट्रंकेतला कागद मात्र जुनेच नाव सांगत राहतो. 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला, तरी नक्कल ती नक्कलच. सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणाऱ्या तामलवाडीत हे कोणाही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गंमत अशी, की संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी हुशार मुले नेमकी येथेच ठेचकाळतात!

पायथॉन ही संगणकाची भाषा 1991 साली प्रसिद्ध झाली. तीत 'अ' नावाची यादी करून पुढे 'ब = अ' असे लिहिले, की वाटते दुसरी यादी झाली. छे! यादी एकच, नावे दोन. 'ब'मधली एक नोंद खोडली, की ती 'अ'मधूनही गेलीच. 1995 सालच्या जावाचीही हीच रीत.

मग सदा नक्कलच का करू नये? लाखभर नोंदी पदोपदी उतरवायच्या, तर वेळ आणि संगणकाची स्मृती दोन्ही खर्ची पडतात. शिवाय नकला एकमेकींपासून दुरावतात. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांना हे दुखणे जुने आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. हातोहात उतरवताना पाठभेद एवढे माजले, की 1584 साली एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

खरा चकवा मात्र पुढेच आहे. समजा, थोरल्या भावाने घरच्या जमिनींचे गट क्रमांक कागदावर मांडले आणि धाकट्याने तो कागद उतरवून घेतला. धाकट्याने आपल्या कागदावरचा एक क्रमांक खोडला, तरी थोरल्याचा कागद शाबूत. पण त्यांतल्या एका गटावर बँकेचा बोजा चढला, तर? कागद दोन असले, तरी जमीन एकच. बोजा दोघांच्याही कपाळी. संगणकातली साधी नक्कल अशीच उथळ असते. यादी नवी, आतल्या वस्तू जुन्याच. पगारपत्रकाची अशी नक्कल घेऊन कोणी 'नुसता हिशेब करून पाहू' म्हणत प्रत्येक नोंदीत दहा टक्के वाढ घातली, की मूळ पत्रकातले पगारही वाढून बसतात, आणि संगणक त्याची हाकबोंब करीत नाही. आतल्या वस्तूंच्याही नकला हव्या असतील, तर पायथॉनला 'डीपकॉपी' असे स्पष्ट सांगावे लागते.

शंका आली, तर विचारण्याची सोय आहे. 'अ इज ब' असे विचारताच यादी एकच की दोन, ते पायथॉन सांगते. आतल्या वस्तूंविषयी मात्र एकेकीला धरून विचारावे लागते.