परदेशी गिऱ्हाईक व आपला शब्द

कर्जत-खालापूर भागांतील पुष्कळ बागाईतदार आपला माल वाशीच्या बाजारांत पाठवितात. तेथें अडत्या व शेतकरी यांचा व्यवहार बहुधा शब्दावर व ओळखीवर चालतो. एका पट्टींत चूक झाली तर ती पुढील खेपेस भरून काढतां येते. परंतु हाच माल परदेशीं जाऊं लागला म्हणजे ओळख कामास येत नाहीं. कारण तेथील गिऱ्हाइकाची विश्वास ठेवण्याची रीतच निराळी असते. ही रीत शेतकरीबंधूंनीं समजून घेणें अवश्य आहे.

हापूस आंब्याचें उदाहरण घेऊं. फळमाशीच्या भयानें जपाननें आपला आंबा सुमारें वीस वर्षें बंद ठेविला होता, तो २००६ सालीं खुला केला. अट अशी कीं, वाफेच्या उष्णतेनें फळाचा गाभा ४७.५ अंश सेंटिग्रेडवर २० मिनिटें राखावा, व हें काम जपानी निरीक्षकासमक्ष व्हावें. अमेरिकेनें २००७ सालीं आंबा पुन्हा घेण्यास आरंभ केला, पण किरणप्रक्रियेची अट घातली. ती लासलगांव येथें होऊं लागली. किडीचें भय दोघांसही सारखेंच. परंतु किरण दिलेलें अन्न जपानी लोकांस रुचत नाहीं, व तेथील कायदाहि केवळ बटाट्याचे मोड रोखण्यापुरतीच त्यास मोकळीक देतो. फळ एकच असून लोकांच्या समजुतीप्रमाणें उपाय दोन झाले. अमेरिकेचे निरीक्षक महामारीमुळें येऊं शकले नाहींत, तेव्हां २०२० व २०२१ या हंगामांत तिकडे आंबा गेलाच नाहीं.

याहून मोठा धडा युरोपचा आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपल्याकडील आंबा, अळू, वांगीं, कारलीं व पडवळ यांची आयात बंद केली. आदल्या वर्षीं फळें व भाज्या यांच्या २०७ खेपांत कीड सांपडली होती. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभीं उठली. भाज्यांस त्याहून अधिक काळ थांबावें लागलें. आपल्या बाजारांत खराब मालाचा तोटा ज्याचा त्यास होतो. येथें कांहींच्या चुकीनें सर्वांचें दार बंद झालें.

तेव्हां ज्यांस निर्यातदारास माल द्यावयाचा असेल, त्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, कृषि विभागामार्फत आपल्या शेताची निर्यातीसाठीं नोंदणी करावी. दुसरी, कोणतें औषध, किती व कोणत्या दिवशीं फवारलें तें त्याच दिवशीं वहींत लिहावें, आणि औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस भरल्यावांचून तोडणी करूं नये. तिसरी, भिडेखातर शेजाऱ्याचा माल आपल्या मालांत मिसळूं नये. शेजारधर्म सांभाळावा, पण तो दुसऱ्या प्रकारें. कारण त्याच्या फवारणीची नोंद आपल्या वहींत नसते.

वही मागणारा आपल्या सचोटीवर संशय घेतो, असें मानून रागावण्याचें कारण नाहीं. ज्यानें आपल्यास कधीं पाहिलें नाहीं, त्यास आपला शब्द त्या वहींतूनच कळावयाचा असतो.