सत्तर-तीसचा हिशेब

दुधाचा रतीब एकाकडे असला, तरी शहाणी गृहिणी कोपऱ्यावरच्या डेअरीशी ओळख राखून असते. अधूनमधून तिथलंही दही, तूप घरात येतं. गवळी चार दिवस गावाला गेला, की ही ओळख कामाला येते. शिवाय या घराला दुसरं दार ठाऊक आहे हे गवळ्यालाही कळतं आणि दुधातलं पाणी बेताचं राहतं. मोठमोठ्या कारखान्यांची खरेदी खाती संगणक लावून जे करतात, ते याहून फारसं वेगळं नाही. माल कुणाकडून घ्यायचा आणि कुणाकडून किती घ्यायचा, हे दोनच प्रश्न. पण त्यांच्या उत्तरांवर किती घरांच्या चुली अवलंबून असतात, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

पहिला प्रश्न पारखण्याचा. 'स्वस्त देईल तो आपला' हा सर्वसाधारण समज. जी. डब्ल्यू. डिक्सन या अभ्यासकाने १९६६ साली अमेरिका-कॅनडातल्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून पुरवठादार निवडण्याच्या २३ कसोट्या क्रमाने लावल्या. पहिली आली मालाची प्रत, दुसरी वेळेवर पोच, तिसरी आजवरची कामगिरी. किंमत होती सहावी! कारण उघड आहे. दोन रुपयांनी स्वस्त पडलेला बोल्ट वेळेवर पोचला नाही, तर लाखोंची गाडी अर्धवट उभी राहते. म्हणून कारखाने पुरवठादारांच्या गुणपत्रिका ठेवतात. प्रतीला समजा ४० गुण, वेळेला ३०, किमतीला २० आणि अडचणीत धावून येण्याला १०.

मग जो पहिला आला, त्यालाच सगळं काम का देऊ नये? दिलं तर भाव चांगला मिळतो, देखरेखही सोपी जाते. जपानच्या टोयोटाने तसंच केलं होतं. मागच्या ब्रेकवरचा दाब आवरणारी, मुठीत मावेल एवढी एक झडप. जवळजवळ सगळ्या झडपा आयसिन या एकाच कंपनीकडून येत आणि साठा असे तो काही तासांचा. १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे करिया गावातला आयसिनचा तो कारखाना जळाला आणि टोयोटाचे जपानमधले बहुतेक जुळणी कारखाने बंद पडले. पण पुढे घडलं ते नवलाचं. आयसिनने आपली ड्रॉइंग्ज इतरांपुढे ठेवली, डझनावारी कंपन्या झडपा बनवायला बसल्या. शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यांत होती! आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. वर्षानुवर्षं जपलेले संबंध त्या दिवसांत कामाला आले.

सर्वांचं नशीब असं नसतं. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत आल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्याला वीज कोसळल्यामुळे आग लागली. ती दहाएक मिनिटांत विझली, पण धुराने आणि धुळीने माल नासला. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही मोबाइल कंपन्या त्याच्या गिऱ्हाईक. नोकियाने तातडीने इतर ठिकाणांहून सोय लावली. एरिक्सनकडे त्यातल्या काही चिपसाठी दुसरा पुरवठादारच नव्हता. नुकसान झालं सुमारे ४० कोटी डॉलरचं. पुढच्याच वर्षी एरिक्सनने मोबाइलचा धंदा सोनीच्या भागीदारीत नेला.

तेव्हा दुसरा हवाच. पण त्याला द्यायचं किती? नावापुरतं पाच टक्के दिलं, तर त्याच्या कामगारांचा हात त्या कामावर बसत नाही आणि आणीबाणीत तो दुप्पट माल काढू शकत नाही. साचे आणि मशीन मांडण्याचा खर्चही निघत नाही. म्हणून पुष्कळदा विभागणी सत्तर-तीस किंवा साठ-चाळीस अशी होते. मात्र दोघांचे कारखाने शेजारी-शेजारी असतील आणि दोघंही पोलाद एकाच व्यापाऱ्याकडून घेत असतील, तर ते कागदावरचे दोन. संकट आलं, की दोघं एकदमच बसतात.

मी बँकेत लघुउद्योगांची कर्जं पाहत असे, तेव्हा हाच हिशेब मला उलट्या बाजूने दिसे. खेळत्या भांडवलासाठी आलेल्या कारखानदाराकडून आम्ही येणेकऱ्यांची यादी मागत असू. यादीत एकच नाव दिसलं, की पेन थांबे. भोसरीतल्या एकाचा वाटा एका मोठ्या कंपनीने वाढवला, म्हणून त्याने कर्ज काढून तिसरं लेथ मशीन घेतलं. वर्षभरात वाटा अर्ध्यावर आला. मालात खोट नव्हती. कुणीतरी एक रुपया कमी लावला होता. वाटा उतरला, तरी कर्जाचा हप्ता उतरत नाही. त्याने आधी दोन माणसं कमी केली, मग ते मशीन विकलं.

२००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. कायदा चांगला आहे. पण ज्याला एकच गिऱ्हाईक आहे, तो व्याज मागायला कोणत्या तोंडाने जाणार? मागितलं, तर पुढच्या खेपेला सत्तरचे तीस होतील, ही धास्ती असतेच.

म्हणून मला वाटतं, गुणपत्रिकेला मागची बाजूही असावी. आपण पैसे वेळेवर दिले का, वाटा कमी करताना कारण सांगितलं का, चार-सहा महिने आधी सूचना दिली का, हे खरेदीदाराने तिथे प्रामाणिकपणे लिहावं. पुरवठादारानेही, कितीही मोठं घर मिळालं, तरी दुसरं-तिसरं गिऱ्हाईक जोडून ठेवावं. करियाच्या आगीत जे धावून आले, ते केवळ भावामुळे आले नव्हते. भाव ठरवताना एवढं आठवलं, तरी पुष्कळ झालं.