डोंगरी सायकलीचे माप
सायकल घेताना चाकाचा व्यास विचारून मोकळे होण्याची आपली जुनी वहिवाट डोंगरी सायकलीच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. कारण २९ इंची चाके ठेंगण्या आणि उंच अशा दोन्ही स्वारांच्या फ्रेमना बसविलेली असतात. उतारावर स्वार पेडलांवर उभा राहत असल्यामुळे, पेडलांच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, ज्याला ‘रीच’ म्हणतात, तेच माझ्या मते निर्णायक होय. सीटची उंची मागाहून बदलता येते, आणि ती अशी असावी की पेडल तळाशी नेले असता गुडघ्यात सुमारे २५ ते ३५ अंशांचा बाक राहावा. फ्रेमचे रीच मात्र कायम. दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर आडव्या नळीवर दोन-तीन इंच मोकळीक हवीच, कारण खडकाळ वाटेवर अकस्मात उतरावे लागते.