लोहचुंबक आणि तबकांतले शिपाई

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहरीं चिरंजीवांकडे सहा महिने राहून आलों. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें उतारवयांत बोटभर उंचीच्या शिपायांच्या पायांखालीं लोहचुंबक बसविण्याची विद्या शिकावी, हें वाचून पुष्कळांस हसूं येईल. आम्हांसहि प्रथम आलेंच होतें. परंतु या लहानशा विद्येनें आमच्या घराला एके रात्रीं असा एक धडा दिला कीं, तो आमच्याच घरापुरता ठेवणें आम्हांस योग्य वाटेना. म्हणून हा लेख.

आमचा चौदा वर्षांचा नातू जो खेळ खेळतो, तो युद्धाचा खेळ होय. त्याचें कुळ बुद्धिबळाहून निराळें असलें तरी फार दूरचें नाहीं. प्रशियांत राइस्विट्झ नांवाच्या गृहस्थांनीं १८१२ सालीं राजापुढें एक युद्धपट मांडला व त्यांच्या लष्करांतील मुलानें १८२४ सालीं त्याला नियमबद्ध रूप दिलें. सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्याचा उपयोग होऊं लागला. पुढें प्रसिद्ध कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें पुस्तक लिहून तोच खेळ घरच्या जमिनीवर आणला. आज जो ‘वॉरहॅमर’ नांवाचा खेळ जगभर चालतो तो १९८३ सालीं निघाला, आणि तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचें मुख्य ठाणें याच नॉटिंगहॅममध्यें आहे. त्यामुळें नातवाला हें वेड लागलें यांत नवल नाहीं. पंढरपुरांत राहून बुक्क्याचा वास कसा टळावा?

या खेळांतील सैन्य दोन तऱ्हांनीं मांडतात. एकींत शिपाई सुटे विखुरलेले असतात. दुसरींत ते रांगा धरून उभे असतात. रांगांचा मूळ खेळ कंपनीनें २०१५ सालीं बंद केला होता. तो २०२४ सालीं ‘दि ओल्ड वर्ल्ड’ या नांवानें पुन्हां सुरू झाला. आम्हांस ही रांगांची तऱ्हाच आवडली. अमरकोशांत सेनेचा सर्वांत लहान विभाग ‘पत्ति’ म्हणून सांगितला आहे. त्यांत एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पांच पायदळ. हा हिशोब आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतला, परंतु सैन्य म्हणजे केवळ संख्या नव्हे, संख्येची मांडणी होय, हें टेबलापाशीं बसल्यावर डोळ्यांना दिसलें.

आतां अडचण पाहा. पायदळाची एक तुकडी म्हणजे समजा वीस शिपाई. पांचांच्या चार रांगा. प्रत्येकाच्या पायांखालीं २५ मि.मी. लांबीरुंदीची चौकोनी बैठक. तुकडी पुढें सरकवावयाची तर वीस वेळां हात घालावा लागतो, आणि वळवावयाची झाल्यास रांग मोडल्यावांचून राहत नाहीं. म्हणून या वीसांखालीं एक पातळ, कडा उचललेलें तबक ठेवतात. खेळाडू त्याला मूव्हमेंट ट्रे म्हणतात. तबक सरकविलें कीं तुकडी सरकते. परंतु तबक किंचित् कललें कीं शिपाई एकमेकांवर कोसळतात, महिना महिना बसून रंगविलेल्या भाल्यांचीं टोंकें मोडतात. मग डिंकानें कायमचे कां चिकटवूं नयेत? तर लढाईंत पडलेला शिपाई मागच्या रांगेंतून एकेक करून उचलावा लागतो. म्हणजे धरणारें कांहीं हवें, पण मागतांच सोडणारेंहि हवें. असा गुण लोहचुंबकाच्याच अंगीं आहे.

लोहचुंबकाची ओळख आपल्या पूर्वजांस चांगली होती. त्याला ते अयस्कांत म्हणत. शरीरांत रुतलेलें लोखंडी शल्य अयस्कांतानें काढावें असें सुश्रुतानें सांगितलें आहे; आणि ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गांत, चुंबकानें लोखंड ओढावें तसें उमेच्या रूपानें शंकराचें मन ओढून घ्या, असा सल्ला ब्रह्मदेव देवांना देतो. परंतु आमचा नातू वापरतो तो चुंबक त्या जातीचा नव्हे. निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या मिश्रणाचा हा चुंबक १९८३ च्या सुमारास जपानांत मासातो सागावा व अमेरिकेंत जॉन क्रोट यांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केला. पांच मि.मी. व्यासाची आणि एक मि.मी. जाडीची चकती, जवळजवळ मसुराच्या दाण्याएवढी. पण लोखंडाला अशी बिलगते कीं नखानेंच सोडवावी लागते.

कृति सोपी आहे, परंतु क्रम चुकतां कामा नये. तबकाच्या तळाशीं पोलादाचा पातळ पत्रा चिकटवावा आणि प्रत्येक बैठकीच्या खालच्या पोकळींत एकेक चकती बसवावी. दोन्हीकडे चुंबक घातल्यास एखादी चकती उलटी बसते आणि तो शिपाई तबकावर उभाच राहत नाहीं, अंग झाडून बाजूला होतो. पोलादाला मात्र उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुव सारखेच. पत्रा पोलादाचाच हवा. ॲल्युमिनियमला चुंबक मुळींच चिकटत नाहीं आणि पुष्कळशा स्टेनलेस भांड्यांनाहि जेमतेमच चिकटतो. आमच्या सौभाग्यवतींनीं सूनबाईंच्या स्वयंपाकघरांतील डबे एकेक करून तपासून याची खातरी करून दिली.

खरी मेख अंतरांत आहे. चुंबक पत्र्यापासून एक मि.मी. जरी दूर राहिला तरी त्याची पकड फार झपाट्यानें घटते. म्हणून चकती पोकळींत खोल बसल्यास तिच्यामागें प्लास्टिकचा तुकडा किंवा पुट्टी भरून ती बैठकीच्या कडेशीं अगदीं समपातळींत आणावी. केसभर बाहेर आली तर शिपाई डुगडुगतो. डिंक पुरता वाळेपर्यंत बैठक पोलादावर ठेवूं नये, नाहीं तर चकती पत्र्याला चिकटून राहते आणि शिपाई मोकळा हातांत येतो. पहिल्या दिवशीं उतावळेपणानें आम्हीं तिघांची अशीच वाट लावली, आणि ‘आजोबा, तुम्ही आतां नुसतें पाहा,’ अशी आज्ञा ऐकून घेतली. काम झाल्यावर परीक्षा एकच: खालीं मऊ टॉवेल पसरून तबक उपडें धरावें. जुने शिपाई शिसें व कथिल यांच्या मिश्रणाचे, वजनदार असतात. त्यांतला जो पडेल त्याला दुसरी चकती द्यावी. चकत्या ठिसूळ असतात. दोन एकमेकींवर आदळूं दिल्यास त्यांचा कपचा उडून डोळ्यांत जावयाचा. सुमारें ऐंशी अंशांच्या पुढें तापविल्यास साधारण प्रतीच्या चकतीची शक्ति कायमची कमी होऊं लागते. आणि ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं हा खेळ दुरूनच पाहावा.

आतां त्या रात्रीची गोष्ट. शंभर चकत्यांची पुडी आणली होती. दोन तुकड्या पुऱ्या झाल्या, म्हणजे चाळीस चकत्या लागल्या. जेवणें झाल्यावर हजेरी घेण्याच्या आमच्या जुन्या खोडीनें आम्हीं उरलेल्या चकत्या मोजल्या. त्या साठ असावयास हव्या होत्या, अठ्ठावन्न भरल्या. पुन्हां मोजल्या, अठ्ठावन्नच. आणि दुपारभर आमची पावणेदोन वर्षांची धाकटी नात त्याच खोलींत, त्याच गालिच्यावर रांगत-चालत होती.

‘सांपडतील उद्यां,’ असें आम्ही म्हणणार, तोंच सूनबाईंचा चेहरा पाहून शब्द घशांतच राहिले. एकच चकती पोटांत गेली तर ती बहुधा आपोआप बाहेर पडते. परंतु दोन गेल्या, त्याहि थोड्या अंतरानें, तर आंतड्याच्या दोन निरनिराळ्या वेढ्यांतून त्या एकमेकींना ओढून धरतात. मधली त्वचा चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि आंतड्याला भोंक पडतें. प्रारंभीं मूल हसतें-खेळतें असतें, म्हणून घरचे थांबतात. तें थांबणेंच घातक ठरतें. शंका येतांच, मूल बरें दिसत असलें तरी, इस्पितळांत नेऊन क्ष-किरणांनीं पाहावें. ओकारी काढण्याचा किंवा केळें चारून वाट पाहण्याचा घरगुती उपाय करूं नये. शिपायाला तबकावर धरून ठेवणारा जो गुण, तोच येथें जिवावर उठतो.

चिरंजीवांनीं गाडी काढली. नातू भिंतीशीं पांढराफटक उभा होता. आमच्या सौभाग्यवती नातीला बूट घालण्यासाठीं जमिनीवर बसल्या, आणि त्यांनींच हांक मारली. खोली ऊबदार ठेवणारा जो लोखंडी रेडिएटर भिंतीला असतो, त्याच्या बाजूला दोन्ही चकत्या एकाखालीं एक चिकटल्या होत्या. उंची बरोबर त्या पोरीच्या हाताची. म्हणजे त्या तिच्या मुठींत होत्या. तोंडाकडे न नेतां तिनें त्या लोखंडाला लावल्या, एवढेंच. आम्हीं पुन्हां मोजल्या, साठ भरल्या, आणि मग कितीतरी वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नातवानें आपण होऊन नियम लिहून काढले. सुट्या चकत्या झांकणाच्या डब्यांत, डबा उंच फळीवर. काम दार लावून टेबलावरच. आणि बसतांना व उठतांना मोजणी वहींत, सहीसह. खेळ बंद करा असें सूनबाई म्हणाल्या नाहींत, याचें आम्हांस कौतुक वाटलें. त्यांनीं एकच अट घातली कीं, दुसरी सही त्यांची असावयाची.

पुढच्या रविवारीं तो खेळावयास गेला. गाडींत तबकें मांडीवर घेऊन आम्हीच बसलों होतों. वाटेंत गाडीला दोनदां चांगलाच हिसका बसला. चाळीसांतला एकहि शिपाई जागचा हलला नाहीं. आपल्याकडे अशा चकत्या आतां खेळण्यांत, पर्सच्या बटणांत व फ्रिजवरच्या चित्रांमागें घरोघरीं आल्या आहेत. वाचकांनीं त्या जरूर वापराव्या; मात्र ज्या घरांत रांगतें मूल आहे, तेथें हजेरी घेतल्याशिवाय दिवा मालवूं नये.