डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या : उपचारापूर्वीचा ताळेबंद

घोटी ही भाताची जुनी पेठ. उन्हात माल उतरवून घेताना, दुकानात बारीक आकड्यांच्या वह्या आणि मोबाइलचा पडदा न्याहाळताना येथील व्यापाऱ्याचे डोळे सतत किलकिले होतात. चाळिशीनंतर डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या रेषा दिसू लागतात. चातुर्मास संपून लग्नसराई सुरू झाली की त्यावरील उपायांची चौकशी घराघरांत होते, आणि ती केवळ स्त्रियाच करतात असे नाही. उपाय आहेत, मात्र एका तक्रारीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. पैसा वाया जातो तो बहुधा याच ठिकाणी.

तक्रार नेमकी कोणती?

डोळ्यांभोवतीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात तैलग्रंथी कमी असतात आणि पापण्यांची उघडझाप अखंड चालू असते. येथील तक्रारींचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात : हसताना उमटणाऱ्या रेषा, चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या सुरकुत्या, सैल त्वचा अथवा खालच्या पापणीतील चरबीचा फुगवटा, आणि काळी वर्तुळे.

काही खुणा मात्र वयाच्या नसून आजाराच्या असतात. पापण्यांवरील पिवळसर चट्टे वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे, तर सकाळची सूज मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या विकाराचे लक्षण असू शकते. एक पापणी अचानक खाली आली, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरचे उपाय

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे उन्हापासून संरक्षण : ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन, गॉगल आणि योग्य नंबरचा चष्मा. रेटिनॉइड वर्गातील क्रीमने बारीक सुरकुत्या कमी होतात. परंतु त्याला काही महिने लागतात, त्वचेची जळजळ होऊ शकते आणि गर्भारपणात ती वर्ज्य आहेत. काळी वर्तुळे घालवण्यासाठी नाव-पत्ता नसलेले गोरेपणाचे क्रीम मात्र कधीही लावू नये. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला व त्यात पारा आढळला, हे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले होते.

दवाखान्यातील उपचार

हसताना उमटणाऱ्या रेषांसाठी बोटुलिनम विषाचे, म्हणजेच ‘बोटॉक्स’सारखे, इंजेक्शन दिले जाते. हे औषध मुळात तिरळेपणासाठी वापरात आले. पापण्या अनावर मिटण्याच्या विकारावर ते देत असताना कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांना सुरकुत्या नाहीशा झाल्याचे १९८७ मध्ये लक्षात आले. परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. म्हणजे हा एकवेळचा खर्च नव्हे, तर आवर्ती खर्च होय.

स्थिर सुरकुत्यांसाठी लेसर किंवा केमिकल पील करतात. आपल्या सावळ्या वर्णाच्या त्वचेवर त्याने काळे डाग पडण्याचा धोका असतो. खोलगट भाग भरण्यासाठी फिलर टोचतात. ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. म्हणून हे काम ब्युटी पार्लरमध्ये कदापि करून घेऊ नये. सैल त्वचा आणि फुगवटा यांवर खरा उपाय पापण्यांची शस्त्रक्रिया हाच आहे. तेथे महागडी क्रीम निरुपयोगी ठरतात.

अहिंसेचा प्रश्न

सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे. परंतु बोटुलिनम इंजेक्शन हे औषध आहे, प्रसाधन नव्हे. त्याच्या प्रत्येक खेपेची तीव्रता उंदरांवर तपासण्याची रीत दीर्घकाळ रूढ होती. २०११ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या पेशींवरील पर्यायी चाचणीस मान्यता मिळाली. अनेक उत्पादनांत मानवी रक्तातील अल्ब्युमिनही असते. कोलॅजेन बहुधा गुरांपासून किंवा माशांपासून मिळते. स्क्वालेन शार्कच्या यकृतापासून निघते, तसेच ऑलिव्हपासूनही. हायलुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आता ते बहुतांशी जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. ‘हर्बल’ या शब्दावर विसंबण्यापेक्षा घटकांची यादी वाचावी आणि शंका असल्यास कंपनीला लेखी विचारावे.

खर्चाची बाजू

आरोग्य विम्यात सौंदर्योपचार सहसा समाविष्ट नसतात. वरची पापणी लोंबून दृष्टीला अडथळा येत असेल, तर शस्त्रक्रिया वैद्यकीय गरज ठरू शकते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाचा अहवाल घेऊन विमा कंपनीची पूर्वपरवानगी मागावी. उपचारांना सर्वसाधारणपणे मिळणारी वस्तू व सेवा कराची सूट केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला नाही. पेढीच्या नावे बिल घेतले, तरी कायद्याच्या कलम १७(५) मुळे त्या कराचे क्रेडिट सामान्यतः मिळत नाही. म्हणून हा खर्च घरखर्चातच धरावा आणि हप्त्यांवर तर मुळीच करू नये.

नाशिकला किंवा मुंबईला जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : डॉक्टरांची पदवी त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी अथवा नेत्रशास्त्रातील आहे काय, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता, औषधाची सीलबंद बाटली व मुदत समोर दाखवतील काय, आणि काही बिघडल्यास त्याच दिवशी उपचार कोण करील? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर तेथे आगाऊ रक्कम भरू नये.